शिक्षण फुकट, मग एफडी का मोडली?

तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही एकट्यांनीच नाही म्हणा, गावाकडच्या कुठल्याही लग्नात वरण-भात वाढून होईतो कुणीतरी विचारतंच, "जर्मनीत शिक्षण फुकट ना रे? मग दादांची एफडी कशाला मोडलीस?"

फी नव्हती, खरंय. तिथल्या केम्निट्झ शहरातल्या विद्यापीठात सेमिस्टरला अडीचशे-तीनशे युरो भरायचो, बस-ट्रामचा पास त्यातच. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात गेलो असतो तर २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना लावलेली १,५०० युरोंची फी दर सेमिस्टरला बसली असती. इंग्लंडात तर तिथल्याच पोरांकडून वर्षाला ९,००० पौंडांच्या वर घेतात. तेव्हा महाग पडलं असं मी म्हणतच नाही.

पण २०२३ साली व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला ११,२०८ युरो भरावे लागत. दहा लाख रुपये. तिथं पोचलं की त्यातले महिन्याला ९३४ सुटत. आपलेच पैसे, पगार झाल्यासारखे.

दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. कर्जासाठी बँकेत जाताना इस्त्रीचा शर्ट घातला, झेरॉक्सचे तीन संच केले, प्रत्येकाला टाचणी. साहेबांनी फीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"फी शून्य. मग दहा लाख कशाला?"

"राहण्या-खाण्याला," मी म्हणालो.

"आम्ही शिक्षणाला कर्ज देतो."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. राहण्याचा खर्चही शैक्षणिक कर्जात धरतात, हे मी वाचून गेलो होतो. तोंडातून निघालं नाही. दादांनी फाइलला रबर लावलं, तुटेल की काय इतके पीळ देऊन. जिन्यात थांबले. "फुकट आहे असं तूच म्हणाला होतास ना?"

म्हणालो होतो. गावभर. तेव्हाच्या मला आता कानाखाली वाजवावीशी वाटते. पण त्यानं खरा आकडा आधी सांगितला असता, तर दादांनी अर्जच भरू दिला नसता. मग?

वर्गातल्या एका जर्मन मुलाला बाफोग मिळायचं. जगण्यासाठी सरकारी पैसे; निम्मे परत करायचे नाहीत, निम्मे बिनव्याजी, आणि फेड १०,०१० युरोंच्या पुढे नाही. फी माफ केल्यानं पोट भरत नाही, हे तिथल्या सरकारला कळतं. आपल्याकडे २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. मामेबहीण पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. खोली आणि मेसपायी मामाची ओढाताण चालूच.

मला बाफोग का मिळावं, आमच्या घरानं तिथं कधी कर भरला होता, असं विचाराल. बरोबर आहे. मग त्यांनी फुकट तरी का शिकवलं? यावर मी रोज वेगळं उत्तर देतो.

एफडीचे पैसे थोडेथोडे परत पाठवतोय. दादा मात्र अजून पारावर सांगतात, पोरगं फुकटात शिकलं. तुमच्या कानावर ते तिथूनच आलं असणार. सुट्टीत शेजारी बसलेला असतो तेव्हाही मी त्यांना दुरुस्त करत नाही.