कापडी टपाची गाडी आणि मोहोराचा बोळा

उघड्या टपाच्या गाडीत पाणी आलं की सगळे आधी कापडाला नाव ठेवतात. मी रत्नागिरीत गॅरेज चालवतो, त्याआधी मस्कतला वर्कशॉपला होतो आणि तिथे अशा गाड्या हाताखालून गेल्यात, त्यामुळे मनापासून सांगतो की कापड फाटलेलं नसेल तर पाण्याची वाट बहुतेक वेळा दुसरीकडेच असते. गेल्या जुलैतली ही केस त्याचंच उदाहरण आहे.

पाऊस नुसता कोसळत होता, रेड अलर्ट, शाळांना सुट्टी, आणि अशात गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका गावातून काकांचा फोन आला. मेस्त्री, गाडीत पाणी भरलंय, बॅटरीपण बसली, शेजारचा टेम्पोवाला वायर लावून चालू करून देतो म्हणतोय, करू काय? म्हटलं काका, हात जोडतो, कोणालाही वायर लावू देऊ नका, मी येतोय.

त्याचं कारण असं की या दोन सीटर गाड्यांमध्ये जागा कमी, म्हणून लॉकिंगचं, अलार्मचं कंट्रोल युनिट बऱ्याचदा सीटखाली किंवा मागच्या कोपऱ्यात बसवलेलं असतं, म्हणजे पाणी साचलं की सगळ्यात आधी तेच भिजणार. आता भिजलेलं युनिट बॅटरीशिवाय पडून राहिलं तर त्यातल्या त्यात बरं, पण त्यात करंट सोडला की तांब्यावर हिरवं चढायला लागतं आणि बोर्डाच्या बारीक रेषा बघता बघता खाल्ल्या जातात. काकांची बॅटरी बसली होती हे खरं तर नशीबच म्हणायचं.

हेल्परला घेऊन आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. काका मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले, जर्मन दोन सीटर, सेकंडहँड, मुंबईहून आणलेली, आणि तिच्यावर त्यांचा इतका जीव की छत्री घेऊन पावसात तिच्याशेजारी उभे होते. गाडी अंगणात उतारावर, तोंड खाली करून, आंब्याच्या खाली. कुंपणापलीकडे सुरूची झाडं, त्यापलीकडे समुद्र.

पहिला प्रश्न दरवाजाचा. या गाड्यांच्या काचेला वरून फ्रेम नसते, हँडल ओढलं की काच बोटभर खाली सरकते आणि मग दार उघडतं, बंद झाल्यावर काच परत वर जाऊन रबरात बसते. बॅटरी मेली की काच सरकतच नाही, तसंच ओढलं तर टपाचं रबर फाटतं आणि मग खरोखरची गळती लागते. म्हणून प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून रबर बाजूला धरलं आणि दार हळूहळू बाहेर घेतलं. असा कुबट वास आला! वरून कार्पेट फक्त ओलसर वाटत होतं, पण त्याखाली जाड फोम असतो, तो दाबला तर बोटं बुडाली. उतारामुळे सगळं पाणी पुढे पायाशी गोळा झालेलं, आणि म्हणून काकांची खात्री पटलेली की पुढच्या काचेतून गळतंय. पाणी दिसतं तिथे शिरलेलं नसतं हो, ते गाडीच्या उताराने जातं.

मी आधी सीटचे बोल्ट आणि रेल बघितले. समुद्राचं पाणी असेल तर वाळलेल्या भागावर पांढरी पूड धरते, आणि हल्ली लोक बीचवर गाड्या घालतात म्हणून हे विचारावंच लागतं. तशी पूड कुठे नव्हती, काका पण म्हणाले वाळूत कधी घातली नाही. म्हणजे पावसाचंच पाणी, जीव भांड्यात पडला.

आता मुख्य गोष्ट. टपाची गाडी पाणी अडवायला बनवलेलीच नसते. कापडावरून ओघळलेलं पाणी मागे एका खाचेत पडतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या ड्रेनमधून, बोटाएवढ्या नळीने, खाली चाकाजवळ बाहेर जातं. माझदाची एमएक्स-५ घ्या, १९८९ साली आली, २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या, तिच्यातसुद्धा सीटच्या मागे दोन्ही बाजूंना अशीच ड्रेनची भोकं आहेत, मस्कतला मी शिकलो ते हिच्यावरच, फक्त तिकडे त्यात वाळू भरायची. आपल्याकडचा हिशोब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. टप आणि मागची काच धरून दीड-दोन चौरस मीटर, दिवसाला १०० मिलिमीटर पडला, जो आपल्याकडे जुलैत काही विशेष नाही, तर दीडशे-दोनशे लिटर पाणी, आणि त्यातलं बरंचसं त्या दोन नळ्यांतून जायचं. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. मृगाआधी आपण कौलाची पन्हळ साफ करतो तशीच ही नळी साफ करावी लागते, पण गाडी विकताना हे कोणी सांगतच नाही.

डाव्या ड्रेनमध्ये तांब्याने पाणी ओतलं. खाली थेंब नाही, पाणी खाचेतच उभं, आणि मग काठावरून सीटच्या मागे आत. उजवीकडे गेलो तर भोकच सापडेना. टॉर्च लावून बघितलं तर तिथे काळं सिलिकॉन! आधीच्या मालकाच्या वेळी कोणीतरी गळती बंद करायची म्हणून ड्रेनच बुजवून टाकलेला. मला खरंच वाईट वाटलं, राग पण आला, कारण ज्याने हे केलं त्याने मेहनत घेऊन, व्यवस्थित बोट फिरवून, गाडीची पाण्याची वाट बंद केली होती.

ड्रेनला कॉम्प्रेसरची हवा मी कधीच मारत नाही, नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि मग पाणी थेट बॉडीच्या पोकळीत. लोखंडी तारही नाही, नळीला भोक पडतं. त्यासाठी मी जाडा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी वापरतो, मोठ्या मासळीची, टोक लायटरने गोल करून. तंगूस वाकतो पण मोडत नाही. तो वरून फिरवत फिरवत घातला, खालून हेल्परने कोमट पाणी मारलं, आणि बऱ्याच वेळाने बोळा सुटला. भसकन पाणी आलं, मागून तो बोळा. सुरूच्या काड्या, बारीक वाळू आणि आंब्याचा मोहोर. मोहोरावर तुडतुडे पडले की त्यांचा चिकट गोड रस खाली टपकतो, त्यावर काळी बुरशी धरते, आणि त्या चिकटाने हे सगळं एकमेकांना असं धरलं होतं की बोटाने तुटेना. काका तो तळहातावर घेऊन बघतच राहिले, म्हणाले फेब्रुवारीपासून गाडी इथेच आहे.

उजवीकडचं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पातीने सोलून काढायला दुपार गेली. मध्येच लाईट गेली, इन्व्हर्टरवर काम. काकू म्हणाल्या कार्पेट न्हाणीतल्या चुलीवर दांडीला टाका, लगेच सुकेल, पण धुराचा वास फोममधून कधी जात नाही, म्हणून माजघरात पंख्याखाली उभं केलं. युनिट उघडलं तर पिनांवर हिरवं नुकतं धरायला लागलेलं, आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मऊ ब्रशने साफ केलं आणि खोक्यात साठ वॉटचा बल्ब लावून सुकायला ठेवलं.

दोन्ही ड्रेन वाहते झाले तरी डाव्या दारातून थोडं पाणी येतच होतं. दाराच्या आत पाणी जाणं नॉर्मल आहे, ते दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर पडतं, पण दाराच्या आतल्या पॅडच्या मागे जी प्लॅस्टिकची शीट चिकटवलेली असते ती सुटली की पाणी केबिनमध्ये येतं. स्पीकर बदलताना कोणीतरी ती फाडली होती. नवीन शीट कापून ब्युटाइलच्या टेपने बसवली. युनिट जोडून, नवीन बॅटरी लावून काचा वर आल्यावर रबरात कागदाची चिठ्ठी अडकवून सगळीकडे ओढून बघितली, एका कोपऱ्यात सैल निघत होती, तिथे रबराला सिलिकॉन ग्रीस लावलं. काका आधी खोबरेल लावायचे, त्याला वाळू चिकटते, म्हणून ते बंद करायला सांगितलं.

पाण्याचा पाईप लावायची गरजच नव्हती, पाऊस होताच. हेल्पर टॉर्च घेऊन आत बसला आणि मी बाहेरून दोन्ही चाकांजवळ बघत राहिलो, दोन्हीकडून सारखी धार. स्टार्टर मारला, गाडी लागली, लॉकही चालले, फक्त एअरबॅगचा दिवा जळत राहिला. सीटखालचा कनेक्टर ओला झालेला होता, तो साफ केलाय, पण फॉल्ट स्कॅनरने काढावा लागेल, तो घेऊन जायचंय. तोपर्यंत गाडी चालवू नका आणि ओला टप घडी करू नका असं सांगून आलोय. गाडी मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी आंब्याखालून काढून, पॉवर टिलर बाहेर ठेवून, शेडमध्ये घेतली.