सहा मात्रांचं गाणं

नाताळच्या आदल्या रात्री आमच्या चर्चच्या मंडळीत 'सायलेंट नाइट' हे नाताळगीत सुरू झालं की मी गिटार बाजूला ठेवायची. हे ऑर्गनचं गाणं, असाच सगळ्यांचा समज. मेणबत्त्या पेटवून प्रत्येक ओळ लांबवत, अगदी संथ म्हणायचं.

खरं तर ते गिटारचं गाणं आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडोर्फ गावात योसेफ मोर हे साहाय्यक धर्मगुरू होते. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्यांनी आपली कविता फ्रान्झ क्साव्हर ग्रुबर या शाळामास्तरांना दिली आणि दोन गळे, कोरस नि साथीला गिटार अशी चाल मागितली. संध्याकाळपर्यंत चाल तयार! त्याच रात्री दोघं गायले. मोर वरच्या सुरात, गिटारही त्यांच्याच हातात, आणि ग्रुबर खर्जात. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घेतली, ही गोष्ट संडेस्कूलच्या मुलांना फार आवडते. पण ग्रुबरनी १८५४ मध्ये स्वतः लिहिलेल्या हकिकतीत ऑर्गन बिघडल्याचा उल्लेखच नाही. मला तर वाटतं, मोरना गिटारच हवी होती.

मूळ चाल सहा मात्रांची. परवा घरी पप्पांनी तबल्यावर दादरा धरला, धा धी ना, धा ती ना, आणि मी नेहमीपेक्षा जरा चढ्या लयीत तारा छेडल्या. गाणं पाळण्यासारखं झुलायला लागलं. पप्पा ठेका न सोडता म्हणाले, "अगं, ही तर अंगाई!"

कविता मात्र चालीपेक्षा दोन वर्षांनी जुनी. मोरच्या हातचा एक कागद १९९५ मध्ये सापडला, त्यावर त्यांनी १८१६ साल घातलंय. नेपोलियनच्या लढायांनी तो सगळा मुलूख नुकताच पिळून निघाला होता, त्यात त्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही, पिकं बुडाली. तरुण मोर तेव्हा डोंगरातल्या मारियाफार गावी होते. हे कळल्यावर त्यांचं चौथं कडवं मी पुन्हापुन्हा वाचलं: येशू भाऊ होऊन जगातल्या सगळ्या राष्ट्रांना कवेत घेतो. एकूण कडवी सहा, पण गायली जातात बहुधा तीनच, आणि त्यांत हे नसतं. मला त्याची फार हळहळ वाटते.

यंदा गायनमंडळासाठी मी ते मराठीत बसवतेय. 'बंधू' सहज बसला. 'राष्ट्रे' अजून मात्रांत येत नाही. पप्पा रोज संध्याकाळी ठेका धरून बसतात.