ओला गुडघा

नाशिकमध्ये वाळवी आणि ढेकणांची कामे घेताना मी जी माणसे नेमतो, त्यांतली बरीचशी निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांत फवारणी करून आलेली असतात. पंप त्यांच्या हाताला बसलेला असतो आणि भीती मोडलेली असते. ‘बागेत औषधाने रोज अंघोळच व्हायची, काही झालं नाही,’ हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता वाद घालत नाही; पहिल्या दिवशी काम संपले की नव्या माणसाला त्याच्याच पँटचा गुडघा दाखवतो.

वाळवीसाठी भिंतीलगत फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोके पाडून त्यांत द्रावण सोडतात. भोक भरले की द्रावण फरशीवर उलटते आणि माणूस गुडघ्यांवर त्याच ओलीतून पुढे सरकतो. तोंडाला मास्क असतो, पँट मात्र अंगावरच वाळते. क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे कातडीतून आत जातात आणि शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे काम अडवतात. विषबाधा वाढली की लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. पण त्याआधीची डोकेदुखी आणि मळमळ उन्हाच्या नावावर खपून जाते.

मीही एकदा खपवली होती. सिडकोत एका तळमजल्यावर नोझल तुंबले, तेव्हा ते मी तोंडाने फुंकले (या धंद्यात कधीच न फुंकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे). संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी काय खाल्ले ते विचारले आणि मी सकाळची मिसळ सांगितली. औषधाचे नाव सांगण्याचे मला सुचलेच नाही. अ‍ॅट्रोपिन हा या विषावरचा उतारा द्यायचा की नाही हे ठरवताना डॉक्टरांना त्या नावाचा मोठा आधार असतो, म्हणून आता कामावर निघण्यापूर्वी डब्याच्या लेबलाचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जातो आणि नोझलसाठी जुना टूथब्रश पेटीत असतो.

कापडी हातमोजे मी बंद केले, कारण ते औषध शोषून हातालाच धरून ठेवतात, नायट्राइल या कृत्रिम रबराचे देतो. ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज तपासण्याची तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांत आहे, परंतु ही तपासणी मागणारा कामगार माझ्याकडे एकही आलेला नाही.

कपड्यांचे मात्र अजून जमलेले नाही. गोदामात वेगळी बादली आणि साबण ठेवूनही एखादी पँट पिशवीत गुंडाळून सातपूरला घरी जाते आणि मुलांच्या गणवेशाबरोबर भिजत पडते.