आयर्विनच्या खालून : होडी आणि सायकलवरची अर्धी सकाळ

सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला भेटला की "बरं आहे का?" च्या आधी "किती झालं?" विचारतो. म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट झालं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. मी लग्न होऊन ठाण्याला गेले त्याला वीस वर्षं झाली, तरी जुलै-ऑगस्टात आईला फोन लावला की पहिला प्रश्न तोच असतो. पण हे फूट जिथे मोजतात तिथे, पुलाच्या खाली, पाण्यावर बसून मी कधी वर बघितलं नव्हतं. या जानेवारीत, भोगीच्या आदल्या दिवशी ते घडलं. सोबत अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७६. आमचं घर गावभागात. तरुणपणी रोज पहाटे नदीला पोहायला जाणारा हा माणूस २०१९ च्या ऑगस्टनंतर होडीत बसला नव्हता. त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत होडी घरासमोर आली आणि आई-अण्णांना खिडकीतून तिच्यात उतरवलं. मी तेव्हा ठाण्यात टीव्हीपुढे बसून होते आणि दोघांचेही फोन बंद लागत होते. त्यानंतर अण्णा घाटावर जात, पायरीवर बसत, नमस्कार करून परत येत. म्हणून मीच म्हटलं, यंदा होडीतून फिरू आणि मग सायकलवरून कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपूरला जाऊन येऊ. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सायकलीत हवा भरायला पाहिजे."

आईचा विरोध मगरीसाठी होता, आणि तो काही उगाच नव्हता. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेतच. थंडीत उन्हाला काठावर येऊन पडतात. "होडीतनं हात खाली घालायचा नाही," हे तिनं मला तीनदा सांगितलं. शेवटी पिशवी हातात देऊन म्हणाली, "येताना मळीची वांगी आणा, उद्याला लागतील."

साडेसहाला घाटावर पोचलो. नदीवर वाफ होती. सांगली पूर्वेच्या काठाला, त्यामुळे ऊन आधी पलीकडे सांगलीवाडीच्या झाडांवर पडतं आणि आपला घाट बराच वेळ सावलीत राहतो. नावाडीमामांना आदल्या दिवशीच गाठून ठेवलं होतं. लाकडी होडी, दोन वल्ही, बुडाशी थोडं साचलेलं पाणी आणि ते उपसायला कापलेला प्लास्टिकचा डबा. त्यांनी आधी दोघांना लाइफ जॅकेट घातली, बंद स्वतः ओढून बघितले.

"ताई, तुमी मधी बसा. अण्णा, तुमी माज्याकडं तोंड करून. हलू नकासा."

२०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून बाहेर काढताना माणसांनी भरलेली बोट उलटली होती. त्या दिवसापासून या पट्ट्यात जॅकेटशिवाय होडी सोडणाऱ्याला लोक नावं ठेवतात. ठेवावीतच. तुम्ही कधी आलात आणि कुणी "काय होतंय, चला की" म्हणालं, तर बसू नका.

होडी काठापासून सुटली तेव्हा अण्णांनी दोन्ही हातांनी फळी धरली होती. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. पेरं पांढरी झाली होती. मामांनीही ते पाहिलं असणार, कारण त्यांनी वल्हं अगदी हळू टाकायला सुरुवात केली आणि अण्णांना विचारलं, "तुमी कुठल्या तालमीचं?" मग काय! तालीम, नदीत पैलतीरापर्यंत लावलेल्या पैजा, होड्यांच्या शर्यती. सांगलीवाडी, समडोळी, डिग्रजची पोरं लांब होड्या घेऊन उतरायची आणि दोन्ही काठ माणसांनी काळे व्हायचे, हे सगळं निघालं. पुलापर्यंत पोचलो तेव्हा अण्णांचा एक हात फळीवर होता आणि दुसऱ्यानं ते मामांना वल्ह्याची पकड दाखवत होते.

वाटेत एक पट्टा नाक धरून काढावा लागतो. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी नदीत येतं तिथे. माझ्या लहानपणापासून या नाल्याचं काहीतरी होणार आहे असं ऐकतेय. ज्या पाण्याला आम्ही कृष्णामाई म्हणतो, ओटी भरतो, त्यात हे अजून मिसळावं याचं मला फार वाईट वाटतं. होडीतून ते जितकं जवळून दिसतं तितकं पुलावरून दिसत नाही.

आणि मग आयर्विन.

हा पूल १९२९ चा, तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. वरून जाताना तो एक रस्ता आहे, एवढंच. खाली आलं की दगडी कमानी एकामागून एक उघडत जातात, आवाज बदलतो, वल्ह्याचा 'चुबुक' घुमून परत येतो, आणि पाण्यावरची उन्हाची जाळी कमानीच्या पोटावर हलत राहते. पाकोळ्यांची ये-जा चालू होती. मामांनी वल्हं थांबवलं.

"त्ये बगा आकडं."

खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. जानेवारीतलं पाणी तळाशी, शांत. मी मान मागे टाकून आकडे मोजत वर गेले. चाळीस. पंचेचाळीस. होडीत बसल्यावर पंचेचाळीस हा आकडा डोक्याच्या इतका वर असतो की तिथपर्यंत नदी चढते हे मनाला पटतच नाही. आणि सत्तावन्न त्याच्याही वर, मजलाभर उंच. म्हणजे मी आत्ता बसलेय तिथून ते वरपर्यंत सगळं पाणी, गढूळ, झाडं-झुडपं, गुरं वाहून आणणारं. आणि त्याच पातळीवर, तिकडे गावभागात, आमची खिडकी. ठाण्यात बसून मी तो आकडा शंभर वेळा ऐकला होता. त्याची उंची मला त्या सकाळी कळली. रडू आलं, ते मी लपवलं नाही.

अण्णा मात्र वेगळंच बघत होते. दगडांच्या सांध्यात अडकून वाळलेली काटकं त्यांनी दाखवली, पुराची राहिलेली. "२००५ ला ५३ च्या वर होतं," ते म्हणाले, "तेव्हा वाटलं, याच्यापेक्षा जास्त आता कधी येणार नाही." मग २०१९ आलं, आणि दोनच वर्षांनी २०२१ ला पुन्हा पाणी पन्नाशी ओलांडून गेलं. मामा म्हणाले, जुन्या काळी होड्या पुरत नसल्या की गुळाच्या काहिली सोडायचे पाण्यात. एवढी मोठी लोखंडी काहील, तिच्यात म्हातारी माणसं, पोरं बसवायची आणि पोहणाऱ्यांनी ढकलत न्यायची.

परतताना काठावरचं वसंतदादा पाटलांचं समाधिस्थळ लागतं. जुलै १९४३ मध्ये वसंतदादा आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तटावरून उड्या टाकल्या, तेव्हाही कृष्णेला पूर होता. दादांना गोळी लागली, दोन साथीदार हुतात्मा झाले. शाळेत हा धडा आम्ही अभिमानानं घोकला होता. पण पूर आलेली नदी म्हणजे काय, हे पुलाखाली बसून आल्यावर त्या उडीचं मोल वेगळंच वाटतं.

होडी हरिपूरपर्यंत जात नाही, मध्ये बंधारा आडवा येतो. सायकलरिक्षा आमच्याकडे नाहीत आणि टांगेही गेले. म्हणून सायकली. अण्णांची त्यांची जुनी, दांड्याची, मला भाच्याची गिअरवाली. निघताना गणपतीच्या देवळासमोर पाच मिनिटं उभे राहिलो. मिरजेतून वेगळं होऊन १८०१ मध्ये सांगली संस्थान उभं करणाऱ्या चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काळ्या दगडाचं देऊळ बांधलं. विष्णुदास भावे यांच्याकडून १८४३ मध्ये पहिलं मराठी नाटक करवून घेणारे राजेही हेच. लहानपणी देवळाचा हत्ती रस्त्यानं यायचा आणि अण्णा मला खांद्यावर घ्यायचे. मला गणपतीआधी तो हत्ती आठवतो.

हरिपूरचा रस्ता सायकलसाठीच केल्यासारखा आहे. तीन-चार किलोमीटर, चढ जवळजवळ नाही, दोन्ही बाजूंना जुन्या चिंचा. रस्त्यावर पडलेली गाभुळलेली चिंच उचलून खायची आणि दात आंबवायचे, हा आमचा शाळेतला उद्योग. बागेतल्या गणपतीपाशी थांबून पाणी प्यायलो. अण्णा पुढे, मी मागे. गुडघा दुखतो म्हणून ते जिना चढताना कुरकुरतात, पण सायकलवर त्यांची पाठ ताठ होती.

हरिपूरला लोक संगमेश्वराला येतात आणि परत जातात. माझं ऐकाल तर आधी पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची चौकशी करा. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे, २०१८ ला तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती हळद पिढ्यान् पिढ्या साठवली गेली ती हरिपूरच्या जमिनीच्या पोटात. इथली माती अशी की खोल खड्डा खणला तरी भिंती ढासळत नाहीत आणि आत ओल येत नाही. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, मोठ्या रांजणासारखं. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत प्राणवायू फारसा उरतच नाही. आणि म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं, तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा. अण्णांनी हे सांगताना हातानं दोरी सोडल्याची खूण केली, अगदी हळू, बोटाबोटानं. अडत दुकानात चाळीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा हात होता तो.

२००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. हळद कुजली. जी माती पिढ्यान् पिढ्या कोरडी राहिली तिच्यावर नदी येऊन उभी राहिली. एका शेताच्या कडेला अण्णांनी सायकल लावून एक जागा दाखवली. मला तिथे फक्त गवत आणि किंचित खोलगट जमीन दिसली. त्यांना तिथे पोती, हमाल, बैलगाड्या दिसत असाव्यात. बराच वेळ उभे होते.

संगमावर पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. संगमेश्वराच्या देवळाखालून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. समोरून, पश्चिमेकडून वारणा येते. पलीकडे कोथळी, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. पूर्वी तिकडे जायचं तर नावच. याच हरिपुरात नाटककार गोविंद बल्लाळ देवल जन्मले, तेव्हाही नदीचं रूप असंच असणार. दोन पाण्यांचे रंग नीट बघितले तर वेगळे दिसतात, एक जरा हिरवट, एक जरा करडं, आणि थोडं पुढे गेलं की कुठलं कुठलं ते सांगता येत नाही. पुराचं गणितही इथेच समजतं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत आधीच आलेलं असतं. त्यात वारणा फुगली की कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही, ती मागे सांगलीत चढते. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून दर पावसाळ्यात वाद होतात ते आणखी वेगळे.

पायरीवर बसून पिशवीतलं भडंग काढलं. सांगलीचं भडंग लसणाचं, तिखट, आणि मुठीनं खायचं. चमचा लावला की त्याची चव जाते असं माझं ठाम मत आहे. अण्णांनी थोडं खाल्लं, हात झटकले, चपला काढल्या आणि तीन पायऱ्या उतरून घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. ओठ हलत होते. मी आईची मगरीची सूचना आठवून पाणी न्याहाळत राहिले, पण त्यांना हाक मारली नाही.

येताना रस्त्याकडेला एक मावशी पाटी घेऊन बसल्या होत्या. पाटीत कृष्णाकाठची वांगी. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात. पुराबरोबर येणारा गाळ तिथे बसतो आणि त्यावर ही वांगी होतात, पातळ सालीची, बिया कमी, भाजली की लोण्यासारखी.

"मळीचीच हायती नव्हं?" अण्णांनी विचारलं. मावशींनी उत्तर न देता एक वांगं मोडून आतला पांढरा गर दाखवला. दोन किलो घेतली. शिवाय भोगीच्या भाजीसाठी पावटा आणि हरभऱ्याचे डहाळे. पिशवी अण्णांच्या कॅरिअरला बांधली.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आई दारातच उभी होती. तिनं आधी अण्णांना वरपासून खालपर्यंत बघितलं, पँटची ओली घडी बघितली, मग पिशवीत हात घालून एक वांगं दाबून पाहिलं.

"किती आहे पाणी?" तिनं विचारलं.

"कमी आहे," अण्णा म्हणाले. "खूप कमी आहे. परवा तू पण चल."