पुळका

रविवारी बागेतल्या फेऱ्या झाल्या की आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी बाकावर बसतो. तिथे विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा पुतण्याच्या मुलीच्या बारशाला, हातात घुगऱ्यांची वाटी धरून, पुतण्यानेच विचारलं, "काका, तुम्हाला त्या रमण राघवचा एवढा पुळका का?"

रमण राघव म्हणजे 1968 साली मुंबईत झोपलेल्या माणसांना मारत सुटलेला तो खुनी. झालं एवढंच होतं, की काही वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणालं, "त्याला लटकवायचा सोडून सरकारने फुकट पोसला." आणि मी बोलून गेलो, की हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली ते बरोबर केलं. तेव्हापासून हा पुळका माझ्या मागे लागलाय. वर माझं बालपण मालाडचं, तिकडेच त्याची दहशत होती, म्हणजे मला तर जास्तच राग यायला हवा, असं सगळ्यांचं म्हणणं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुन्हा विचारू नका.

पकडल्यावर त्याने कोंबडी खाल्ल्याशिवाय तोंड उघडलं नाही, मग तेल, कंगवा, आरसा मागितला, ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. कबूल केलेल्या एक्केचाळीस खुनांचा आकडाही पाठ आहे. ती उजळणी मी करणार नाही. 1965-66 साली जी.आय.पी. लाइनच्या, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या, कडेला एकोणीस जणांवर हल्ले झाले, त्यात नऊ जण मेले, आणि हा माणूस तेव्हाच पोलिसांच्या हाती लागला होता. जुन्या दरोड्याच्या शिक्षेमुळे त्याचे कागदही त्यांच्याकडे होते. पुरावा नाही म्हणून सुटला, आणि 1968 साली उपनगरांत पुन्हा सुरू झाला. मेलेली माणसं झोपडीत नाहीतर फुटपाथवर झोपलेली. त्यांची नावं तुमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाहीत. मलाही नाही. पुळका यायचाच तर त्यांचा यायला हवा. तोही मला पुरेसा येत नाही, हे आधीच कबूल करतो.

आता मालाड. तेव्हाचं मालाड म्हणजे तबेले, चिखल आणि आमच्यासारख्या कौलारू बैठ्या चाळी. वडील छापखान्यात, महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. मी अकरा वर्षांचा, सहावीत. ऑगस्टचा उकाडा, पाऊस थांबून थांबून पडायचा, आणि चाळीतल्या सगळ्या खिडक्या बंद. आई झरोक्यातसुद्धा गोणपाटाचा बोळा कोंबायची. खोलीत स्टोव्हच्या रॉकेलचा वास कोंडलेला, त्यात आम्ही चौघं घामाने भिजून झोपायचो. तो मांजर होऊन कौलांतून उतरतो म्हणायचे. चाळीतल्या दोन मांजरी त्या आठवड्यात मेल्या, त्या कोणी मारल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग गस्त ठरली. घरटी एक माणूस. वडील रात्रपाळीला, म्हणून आमच्या घरातर्फे मी. काठी उचलायचं वय नव्हतं, पण आमच्याकडे दोन सेलची बॅटरी होती, चाळीत तेवढी दोघांकडेच. बॅटरी आमची म्हणून ती धरणार मी. आई नको म्हणाली. मी रडून तिला तयार केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण मला कोणी ओढून नेलं नव्हतं.

गोकुळाष्टमी होऊन गेली होती, गणपती तोंडावर आले होते. रात्री दीडच्या सुमाराला तबेल्यामागच्या गवताच्या गंजीआड काहीतरी हललं. आठ-नऊ जणांनी घेरलं. एक माणूस उकिडवा बसला होता. अंगात फाटकी बंडी, खाली लुंगी, मांडीवर झोळी. नाव विचारलं तर काहीतरी पुटपुटला. पुन्हा विचारलं तर दुसरंच काहीतरी. आमच्यातला पुढारी, त्याचं नाव लिहीत नाही, म्हणाला, "नाव सांगत नाही. कशाला सांगेल?" मग माझ्याकडे वळला. आदल्या दिवशी मीच घरी येऊन सांगितलं होतं, की वाण्याच्या दुकानाशी खाकी हाफपँट घातलेला एक नवखा माणूस बघितला.

"बाळ्या, तोंडावर मार बॅटरी. कालचा तो हाच का?"

मी मारली. माणसाने डोळे मिटले नाहीत, प्रकाशाकडे बघत राहिला. आणि मी म्हणालो, "हाच."

दुकानाशी बघितलेल्या माणसाचं तोंड मला दिसलंच नव्हतं, तो पाठमोरा होता. मला फक्त हाफपँट दिसली होती. आणि समोरचा लुंगीत होता. नऊ मोठ्या माणसांपैकी एकानेही विचारलं नाही, की बाळ्या, हाफपँट कुठे गेली?

पुढचं मला दिसलं ते बॅटरीच्या गोलात मावेल तेवढंच. एक काठी. एक चप्पल. चिखलात एक हात. माझा हात हलत होता म्हणून गोल हलत होता, तर कोणीतरी ओरडलं, "नीट धर रे!" मी दोन्ही हातांनी नीट धरली. तो ओरडला नाही, आणि आम्हाला वाटलं ही त्याच्या कोडगेपणाची खूण. मारून हात दुखल्यावर एकाने झोळी उलटी केली. दात पडलेला कंगवा, सुतळीचा गुंडा, कागदाच्या पुडीत चहाची पूड, ती चिखलात सांडली, आणि एक कप. कान तुटलेला, काठावर निळी रेघ.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. बँकेत डबा खाताना सांगायचो, "आम्ही पण एक पकडला होता," असं म्हणून. लोक हसायचे, मीही हसायचो. पण कपाशी आलो की थांबायचो. आज तेही लिहितो.

तो कप आमचा होता. चार-पाच दिवसांपूर्वी तो फळीवर दिसेना म्हणून मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "दिला एकाला. वेडा आहे बिचारा, दुपारी मागच्या दाराला येतो चहाला." मी तेव्हा शाळेत असायचो, त्याला कधी बघितलं नव्हतं. पण बॅटरीच्या उजेडात ती निळी रेघ दिसली आणि हा माणूस कोण हे मला कळलं. अजून त्याला चौकीवर न्यायचं होतं, अजून वाटेत मारणार होते. "हा आमच्याकडे येतो चहाला," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी बोललो नाही. "हाच" म्हणून बसलो होतो ना. हातगाडीवर घालून त्याला नेलं. तेव्हा तो श्वास घेत होता. पुढे कोणी चौकशी केली नाही, चौकीनेही कोणाला बोलावलं नाही.

अकरा वर्षांचा पोर, त्याला काय कळतं? हे तुम्ही म्हणाल त्याच्या आधी मीच स्वतःला हजारदा म्हटलंय. त्यावर तो पोर मला सांगतो, की कळत होतं. मी कप ओळखला होता.

27 ऑगस्टला अ‍ॅलेक्स फियालो नावाच्या सब-इन्स्पेक्टरने डोंगरी भागात खऱ्या माणसाला रस्त्यात ओळखून धरलं. रमाकांत कुलकर्णी तेव्हा क्राइम ब्रँचला होते, तपास त्यांच्याकडे होता. बोटांचे ठसे जुळले. चाळीत पेढे वाटले. मी पेढा हातात धरून रडायला लागलो. आईला वाटलं, पोराच्या मनावरची भीती उतरली. खरं म्हणजे तोवर मला एक आधार होता, की कोण जाणे, आपण पकडलेलाच तो असेल. पेपरात फोटो आला आणि तो आधार गेला.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या अंगझडतीत काय सापडलं ते वाचनात आलं. चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड, आकडेमोड केलेले दोन कागद. चहाच्या पुडीपाशी मी अडलो. दोन्ही झोळ्यांत चहाची पूड. बायको म्हणाली, "उगाच जुळवाजुळव करू नका, रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाकडे चहाची पूड असते." बरोबर आहे तिचं. एकाच्या कपड्यांवर रक्त होतं आणि दुसऱ्याच्या झोळीत कप होता, हा फरक लहान नाही.

आता तुमच्या हायकोर्टाकडे येतो. मालाडजवळच्या चिंचवलीतल्या दोन खुनांचा खटला चालला. सरकारी डॉक्टरने तपासून सांगितलं, वेड नाही. बचावाच्या मनोविकारतज्ज्ञाने सांगितलं, जुना स्किझोफ्रेनिया आहे, काय करतोय ते त्याला कळतं, पण ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे कळण्याची कुवत नाही. सेशन्स कोर्टाने फाशी दिली. त्याने अपीलसुद्धा केलं नाही. सोंग घेणारा माणूस अपील करतो, असं मला वाटतं. फाशी कायम करायच्या आधी हायकोर्टाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. ते त्याच्याशी पाचदा, दर वेळी दोन-दोन तास बोलले. तो सांगत होता, की अकबराचं, ब्रिटिशांचं आणि काँग्रेसचं अशी तीन सरकारं त्याच्या मागे लागली आहेत. एक हे जग आणि एक कानूनचं जग, आणि तो कानूनचा प्रतिनिधी. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाला हात पुढे केला, तर त्याने हात मिळवला नाही. या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही म्हणाला.

निर्दोष सोडलं नाही त्याला, हे नीट ऐका. मंडळानेही वेड आहे म्हटलं, म्हणून फाशीची जन्मठेप झाली. येरवड्याला राहिला, उपचार झाले, 1995 साली ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने मेला.

पुतण्या म्हणतो, "असं धरलं तर उद्या प्रत्येक खुनी वेड पांघरेल." पांघरेल, काही जण पांघरतील. "आणि चिंचवलीतल्या त्या दोघांच्या घरच्यांना काय सांगाल?" काही सांगता येणार नाही. त्यांच्यासमोर "हायकोर्टाने बरोबर केलं" म्हणायची माझी छाती नाही. इथे आपल्यात म्हणतो, तेवढंच. कधी कधी रात्री जाग आली की मलाही वाटतं, द्यायला हवी होती फाशी, एकदाचं संपलं असतं. काय संपलं असतं ते विचारू नका. आणि मंडळाच्या त्या पाच भेटींबद्दल वाचलं की वाटतं, त्याच्याशी कोणी दहा तास बोललं तरी. आमच्या माणसाला आम्ही नाव विचारलं दोनदा. हे मी हायकोर्टाच्या बाजूने बोलतोय की माझ्या, ते मलाही नेहमी कळत नाही. याला पुळका म्हणायचं असेल तर म्हणा.

तबेल्यामागे तो कप गणपती विसर्जनापर्यंत पडून होता. मी शाळेला स्टेशनच्या बाजूने, लांबून जायला लागलो. आईने दोन-तीन दिवस दुपारचा चहा झाकून ठेवला. चाळीत त्या रात्रीचं सगळे बोलत होते, पण एक चोर धरला असं बोलत होते. तिच्या लक्षात आलं नसेल असं मी अजून धरून चालतो. चौथ्या दिवशी पातेलं घासायला टाकताना म्हणाली, "येत नाही रे तो हल्ली. इस्पितळात नेला असेल का कोणी?"

मी म्हटलं, "हो, नेला असेल."