रात्री बारापर्यंत एवढं काय काम असतं?

लॉच्या शेवटच्या वर्षाची मुलं हे विचारतातच, त्यांचे आईवडील जास्त विचारतात: लोअर परळ, फोर्टमधल्या मोठ्या लॉ फर्म्समध्ये ज्युनिअरला मध्यरात्रीपर्यंत बसवण्यासारखं काम तरी काय असतं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं तर, दिवसाचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो आणि काम हातात पडतं संध्याकाळी.

समोरच्या वकिलांकडून कराराचा ड्राफ्ट सातनंतर येतो. क्लायंट लंडनचा असेल तर तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेदहा; न्यूयॉर्कचा असेल तर पहाटेचे साडेतीन. पार्टनर, म्हणजे फर्मचे भागीदार असलेले वरिष्ठ वकील, फोनवर बदल सांगतात, 'सकाळपर्यंत पाठव' म्हणतात आणि फाइल सगळ्यात ज्युनिअरच्या गळ्यात पडते.

पुढचं काम बाहेरून कारकुनी वाटतं. समोरच्यांच्या ट्रॅक चेंजेसवर, म्हणजे वर्डने रंगवून दाखवलेल्या बदलांवर, विसंबायचं नाही. आपण पाठवलेल्या शेवटच्या कॉपीशी नव्याने कम्पेअर काढायचं, म्हणजे दोन्ही फाइलींतला फरक वर्डकडून शोधून घ्यायचा. ट्रॅकिंग बंद ठेवून केलेला बदल तिथेच सापडतो. मग व्याख्या तपासायच्या: संज्ञा करारभर वापरली आहे, पण तिची व्याख्याच उडाली आहे का? मग क्रॉस-रेफरन्स, म्हणजे एका कलमात दिलेला दुसऱ्या कलमाचा क्रमांक. 6.2 कलम वगळलं की 6.3 चं 6.2 होतं, पण कोणीतरी हाताने टाइप केलेलं '6.3 नुसार' तसंच राहतं आणि नुकसानभरपाईची मर्यादा भलत्याच कलमाला जाऊन चिकटते. फील्ड, म्हणजे आपोआप बदलणारे क्रमांक, वापरले असतील तर कंट्रोल-ए, मग एफ-9 दाबायचं आणि 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' कुठे उमटलंय ते शोधायचं. हे वाक्य क्लायंटच्या नजरेस आधी पडलं, तर पुढे बरेच दिवस तुमची साधी मेलसुद्धा कोणीतरी वाचून मगच बाहेर जाते.

यातली निम्मी जागरणं टळू शकतात. फाइल येताच विचारायचं: कोणाला हवी, किती वाजता, आणि पार्टनर ती आधी वाचणार आहेत का? 'सकाळ' म्हणजे आठ की अकरा, एवढं कळलं तरी व्याख्या आणि क्रॉस-रेफरन्स ताज्या डोळ्यांनी सकाळी पाहता येतात. नवी मुलं हे विचारायला बिचकतात. विचारणाऱ्यावर कोणी सहसा चिडत नाही. रात्री दोनला पाठवलेल्या चुकीच्या व्हर्जनवर मात्र हमखास चिडतात.

दुसरा ताण टाइमशीटचा, म्हणजे कोणत्या क्लायंटच्या कामाला किती वेळ गेला या नोंदीचा; त्यावरून बिल बनतं. तास सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत, म्हणजे 0.1 च्या हिशेबाने लिहायचे. समजा वर्षाचं लक्ष्य 1,800 तासांचं आहे. शनिवार-रविवार, सण आणि रजा वगळून सव्वादोनशेच्या आसपास दिवस उरतात. म्हणजे रोज आठ तास बिलात बसणारे हवेत. जेवण, ट्रेनिंग, वाट पाहणं त्यात धरत नाहीत, म्हणून ऑफिसचे दहा-अकरा तास होतात. टाइमशीट शुक्रवारी आठवून भरली की छोटे फोन, मेल गळतातच. त्याहून वाईट सवय म्हणजे आपण हळू आहोत असं दिसू नये म्हणून पाच तासांचे तीन लिहिणं. पुढच्या वेळी क्लायंटला फी सांगताना तेच तीन तास धरले जातात आणि तुमच्यानंतर येणाराही त्यात भरडला जातो. खरे पाच लिहावेत. बिलातून किती कापायचे ते पार्टनरनी ठरवावं, ते त्यांचं काम.

पैशाबद्दल आईवडिलांनी विचारायला हवं, ते राहूनच जातं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. म्हणून बऱ्याच फर्म्स असोसिएटला, म्हणजे पार्टनर नसलेल्या वकिलाला, पगाराऐवजी व्यावसायिक फी देतात: 10 टक्के टीडीएस कापून, पीएफ आणि ग्रॅच्युइटीशिवाय. खात्यात आलेली रक्कम सगळी आपलीच समजून भाडं ठरवलं की मार्चमध्ये उरलेला कर अंगावर येतो. अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या तारखा 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च. अनुमानित उत्पन्नाची सोय (खर्चाचा हिशेब न देता फीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरणं) घेतली तर फक्त शेवटची. ऑफर लेटर आलं की त्यात 'रिटेनर' (पगाराऐवजी ठरावीक फी) लिहिलंय का, आरोग्य विमा आहे का आणि नोटीस पीरियड किती, हे सही करण्याआधी पाहावं.