मेपलचे काळे ठिपके: रोग एक नाही, दोन

मंडळी, माझ्या मेपलवरच्या, म्हणजे कॅनडाच्या चांदीच्या मेपल लीफ नाण्यांवरच्या, काळ्या ठिपक्यांचा गुंता सुटायला लागलाय. अर्धाच सुटलाय, पण जेवढा सुटला तेवढा पक्का.

मागे इथे फोटो टाकले होते तीच नाण्यांची नळी. २०१४ चे मेपल, म्हणजे पांढरे डाग टाळायला टांकसाळीने आणलेली मिंटशील्ड प्रक्रिया यायच्या चार वर्षं आधीचे. पांढरे दूध-डाग असणार हे धरूनच घेतले होते, त्याचं रडगाणं नाही. पण काही नाण्यांवर राणीच्या गालावर आणि मागच्या किरणांसारख्या रेघांवर करडे-काळे ठिपके होते. इथे बहुतेकांनी निकाल देऊन टाकला: सल्फाइड (गंधकाने चांदीवर चढणारा थर), थायोयुरियाच्या डिपमध्ये, म्हणजे चांदी साफ करायच्या द्रावणात, बुडवा. मला ते पटेना. सल्फाइडचा थर जाड होत जातो तशी चांदी आधी पिवळी, मग तांबूस-जांभळी, मग निळी आणि शेवटी काळी दिसते. म्हणजे ठिपक्याच्या कडेला रंगांची वलयं हवीत.

१० एक्सच्या लूपखाली (दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली) काही ठिपक्यांना ती होतीसुद्धा, मधोमध एखादा कण नाहीतर धागा. बाकीच्यांना वलयाचं नाव नाही. सपाट, जांभळट-करडे, आणि कड वाळलेल्या थेंबाची. शिवाय नळीत सगळ्यात वर असलेलं, उजेड लागलेलं नाणं सगळ्यात गडद. इथेच डोक्यात ट्यूब पेटली. उजेडाने काळं पडतं ते सिल्व्हर क्लोराइड, जुन्या फोटोच्या कागदाचं तत्त्वच ते.

आधी रीतीप्रमाणे ॲसिटोन. प्लास्टिकच्या पाकिटातून येणारा पीव्हीसीचा हिरवट चिकटा असता तर त्यातच निघाला असता. काही हललं नाही. (ॲसिटोन केमिकलच्या दुकानातूनच आणा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि सुवास घातलेला असतो, तो नाण्यावर बसतो.) मग हायपो, म्हणजे फोटो धुताना वापरायचं सोडियम थायोसल्फेट. क्लोराइड हायपोत विरघळतं, सल्फाइड विरघळत नाही. जालन्यातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्याकडे डार्करूमच्या काळातला डबा पडून होता. "आता कोण विचारतंय मास्तर, न्या," म्हणाला. पैसेही घेतले नाहीत.

ताजं द्रावण, बांबूच्या काडीने एकेका ठिपक्यावर एक थेंब, लगेच डिस्टिल्ड वॉटर. वलयवाले ठिपके ढिम्म. सपाट ठिपके डोळ्यांदेखत फिके पडले! तो क्षण मी चहा थंड होईपर्यंत लूपमधून बघत बसलो. पूर्ण गेले नाहीत, करडी सावली राहिली, आणि ती राहणारच: उजेडाने सुटी झालेली बारीक चांदी हायपोत विरघळत नाही. शिवाय खालची चमक खाल्ली गेलीय, ती परत येत नसते. म्हणून हे ओळखायचं साधन समजा, साफ करायचं नव्हे. द्रावणात आंबट काही जाऊ देऊ नका, त्यातून गंधक सुटतो आणि तोच चांदी काळी करतो. अमोनियानेही क्लोराइड विरघळतं, पण चांदी मिसळलेला अमोनिया ठेवून दिला तर त्यात स्फोटक गाळ बसू शकतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

क्लोराइड आलं कुठून? विकणाऱ्याला फोन केला. "तुम्हाला देण्याआधी रिठ्याने स्वच्छ धुतली होती की!" पाणी बोअरचं, आणि वाळवलं पंख्याखाली. खारं पाणी थेंबाथेंबाने सुकलं की मीठ तिथेच बसतं. माणूस भला आहे, दागिन्यांना हीच रीत चालते, पण बुलियन (गुंतवणुकीची चांदी) त्याच्याकडून पुन्हा घेणार नाही. सराफ्यातल्या काकांचा सल्ला तर त्याहून भारी: "चिंच लावा, चकाचक!" काकांना नमस्कार केला आणि निघालो.

राहिले वलयवाले. सगळे डिपमध्ये घालायचा बेत होता, तो रद्द. तसे ठिपके असलेली बरीच नाणी प्लास्टिकच्या गोल कॅप्सूलमध्ये काळ्या फोमच्या रिंगेत बसवलेली आहेत आणि माझा संशय रिंगेवर आहे. कडवंचीच्या दोस्ताची नाणीही अशीच काळवंडली, पण तो द्राक्षांच्या भुरीसाठी आणलेला गंधक त्याच कपाटात ठेवतो, त्यामुळे त्याची साक्ष बाद.

हे लिहिता लिहिता सुचलं: ॲंड्र्यू ऑडी यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली मांडलेली चाचणी करून बघावी, एखाद्या वस्तूतून सुटणारे वायू धातू खराब करतात का ते तपासायची. वस्तूचा तुकडा, धातूची पट्टी, थोडी ओल, बंद बरणी, ६० अंश, २८ दिवस. माझ्याकडे ओव्हन नाही, पण गच्ची आहे आणि जालन्याचा मे महिना आहे. पत्र्याच्या पेटीत दोन बरण्या ठेवेन, एकीत रिंग आणि दुसरी रिंगेशिवाय. रात्री पेटी थंड होणार, त्यामुळे पट्टी काळी पडली नाही तर रिंग निर्दोष सुटत नाही. पण फक्त रिंगेच्या बरणीतली पडली तर खटला संपला.

हाली रुपयांचं, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या रुपयांचं, विचारणाऱ्यांना: त्यातल्या बहुतेकांत चांदी ८१.८ टक्के, बाकी दुसरे धातू. त्यांच्यावर यातलं काहीही करू नका. मी माझ्या चारमिनारवाल्यांना ॲसिटोनसुद्धा लावत नाही.

कोणाकडे वेगळ्या कंपनीची फोम रिंग जास्तीची असेल तर पाठवा, तिसरी बरणी लावतो.